गाडीला काय लागतं आणि टार्गेटला काय लागतं

गाडी सकाळी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास फोन येणार हे आता ठरलेलंच आहे. "सर, गाडी चेक केली, ब्रेक पॅड साठ टक्के संपलेत, एसीचं डिसइन्फेक्शन करावं लागेल, इंजिन फ्लश ॲड करतो, थ्रॉटल बॉडीला कार्बन आलाय, आणि पावसाळा तोंडावर आहे तर अंडरबॉडी कोटिंगपण करून घ्या, करू ना?" आपण त्या वेळी मीटिंगमध्ये नाहीतर बँकेच्या लाइनीत, गाडी त्यांच्याकडे लिफ्टवर चढवलेली, आणि त्या "करू ना?" ला उत्तर द्यायला मिळतात जेमतेम पंधरा-वीस सेकंद. बहुतेक लोक हो म्हणून टाकतात. पोराबाळांना घेऊन घाट उतरायचाय, ब्रेकचं नाव निघाल्यावर कोण कशाला रिस्क घेईल. आणि जे नाही म्हणतात ते सरसकट सगळ्यालाच नाही म्हणतात, त्यात कधीकधी खरोखर गरजेचं कामही राहून जातं. बाई गाडी घेऊन गेली असेल तर वर "मॅडम, सरांशी एकदा बोलू का?" हेही असतंच.

यात हा फोन करणारा, म्हणजे सर्व्हिस ॲडव्हायझर, चोर की सज्जन ही चर्चा मला फुकट वाटते. बहुतेक जण साधी, पंचवीस-तिशीतली पोरं असतात, दिवसभर उभी, एकीकडे गिऱ्हाइकाच्या शिव्या आणि दुसरीकडे मॅनेजरच्या. माझा आक्षेप वेगळा आहे. गाडी तपासणारा आणि तपासणीतून निघालेलं काम विकणारा एकच आहे, आणि असं असूनही "हे काम गरजेचं नाही" हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र गिऱ्हाइकावर, म्हणजे ज्याला बॉनेटचा खटका कुठेय हेही धड माहीत नसतं त्याच्यावर. ही जबाबदारी फिरवायला पाहिजे. काम गरजेचं आहे हे विकणाऱ्याने लिहून दाखवायचं, आकड्यासकट, आणि तसं दाखवणं नियमाने बंधनकारक करायचं.

आधी हे असं का होतं ते बघू. नवीन गाडी विकून डीलरला सुटणारा पैसा फार नसतो, त्यातला बराचसा डिस्काउंट, ॲक्सेसरीज फ्री आणि शोरूमच्या भाड्यात जातो. खरी कमाई इन्शुरन्स, लोन आणि वर्कशॉपमध्ये. वर्कशॉपमध्ये पण ऑइल आणि फिल्टरचे भाव कंपनीने बांधून दिलेले, पीरियॉडिक सर्व्हिसची लेबरसुद्धा कंपनी वेबसाइटवर टाकते, तिथे हात मारता येत नाही. मग उरतं काय, तर शेड्यूलच्या बाहेरची कामं. डीलरशिपमध्ये याला व्हॅस म्हणतात, व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस, आणि ॲडव्हायझरला महिन्याचं व्हॅसचं टार्गेट असतं, एका जॉब कार्डमागे, म्हणजे सर्व्हिसला आलेल्या एका गाडीमागे, सरासरी किती लेबर निघाली हे मोजलं जातं, इन्सेंटिव्ह त्याच्यावर. टार्गेट कमी पडलं की महिनाअखेरीस अचानक सगळ्यांच्याच गाड्यांना कार्बन धरतो. या कामांना लागतं काय, तर एक स्प्रेचा कॅन आणि अर्धा तास.

डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवून कमिशन घेण्याबद्दल, आपण इतकी वर्षं बोलतोय, २०१७ साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा केला होता. तिथे किमान तपासायला पाठवणारा एक आणि तपासणारी लॅब दुसरी असते, इथे दोन्ही एकाच छपराखाली आहे आणि आपण कोणी त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

टार्गेटमुळे काय होतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिअर्स ही तिथली जुनी, घराघरातली कंपनी, तिची गाड्या दुरुस्तीची मोठी साखळी होती. नव्वदच्या आसपास कंपनीने तिथल्या लोकांचे पगार कमिशनला जोडले आणि इतके चाकांचे अलाइनमेंट, इतकी ब्रेकची कामं असे कोटे लावले. तक्रारी वाढल्या म्हणून कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने आपली माणसं साधं गिऱ्हाईक बनवून, आधीच नीट तपासलेल्या गाड्या घेऊन तिथे पाठवली. ३८ पैकी ३४ वेळा गरज नसलेलं काम गळ्यात मारलं गेलं. जून १९९२ मध्ये हे सगळं बाहेर आलं, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे कबूल केलं की टार्गेट आणि इन्सेंटिव्हच्या पद्धतीमुळे असं वातावरण तयार झालं, आणि ॲडव्हायझर लोकांचं कमिशन बंद करावं लागलं. आता एवढ्या सगळ्या सेंटरवर एकाच वेळी नेमकी वाईट माणसं भरती झाली होती असं तर नसणार. माणसं तीच होती, फक्त पगाराचा हिशोब बदलला होता. आपल्याकडे असं सरकारी खात्याने गुपचूप गाड्या पाठवून तपासलंय असं माझ्या तरी ऐकण्यात नाही, आणि पाठवल्या तर काय निघेल याचा अंदाज कोणीही लावू शकतं.

आता गरज आहे की नाही हे ठरवायचं कसं. माझ्या मते पहिला कागद म्हणजे ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं ओनर्स मॅन्युअल. त्यात मेंटेनन्स शेड्यूलचं टेबल असतं, किती किलोमीटर किंवा किती महिन्यांनी काय बघायचं आणि काय बदलायचं. हे टेबल ज्याने गाडी बनवली त्याने लिहिलंय, आणि तुमची गाडी वर्कशॉपच्या गेटमधून आत येण्याच्या कितीतरी आधी लिहिलंय, म्हणजे या महिन्याच्या टार्गेटचा त्याच्यावर परिणाम झालेला नसतो, एवढा एकच गुण मला पुरेसा वाटतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांना पहिल्या फ्री सर्व्हिस झाल्या की दर १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते. (फ्री म्हणजे लेबर फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच, यावरून दरवेळी काउंटरवर कोणाची ना कोणाची वादावादी चालू असते.) पण फोन मात्र दर ५,००० किमीला येतो, "सर तुमची सर्व्हिस ड्यू आहे". टेबलमध्ये ती ड्यू नसते, कॉल सेंटरच्या यादीत असते.

त्या टेबलमध्ये इंजिन फ्लश, म्हणजे बाटलीतलं औषध ओतून इंजिन आतून धुणं, शोधून बघा. मी बघितलेल्या एकाही मॅन्युअलमध्ये मला सापडलं नाही. दर वेळी योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललं तर इंजिनात फ्लश करून काढण्याएवढी घाण साठतच नाही, आणि कोणी पाच वर्षं ऑइलच बदललं नसेल तर एका बाटलीने ती सगळी सुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसायची भीती. एसी डिसइन्फेक्टंटचं तसंच. वास येतो तो बहुतेक वेळा ओल्या राहिलेल्या कूलिंग कॉइलचा आणि काळ्या पडलेल्या केबिन फिल्टरचा, फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच-दहा मिनिटांत घरी बदलता येतो, आणि घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर अर्धा वास तिथेच संपतो. टायरमध्ये नायट्रोजन भरायला वेगळे पैसे, ज्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन आहे. टेफ्लॉन कोटिंग, इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग, ही सगळी हौसेची कामं, हौस असेल तर जरूर करा, पण मेंटेनन्स म्हणून बिलात नको.

डिकार्बनायझिंगवर, म्हणजे फोम मारून इंजिनातला कार्बन काढण्यावर, जरा थांबतो कारण त्याच्यात अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य जास्त खपतं. ज्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये फवारलं जातं, तिथे ते पेट्रोलच व्हॉल्व्ह धुत राहतं, आपल्याकडच्या साध्या छोट्या गाड्या बहुतांशी याच प्रकारच्या. नवीन टर्बो पेट्रोल गाड्यांत बऱ्याचदा डायरेक्ट इंजेक्शन असतं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला लागतच नाही, आणि तिथे लाखभर किलोमीटरनंतर कार्बनचा थर खरंच बसू शकतो. म्हणजे तक्रार खरी असू शकते, पण ती कुठल्या इंजिनाची, आणि असा कडक झालेला थर वरवरच्या फोमने जातो का, तर नाही जात, तो व्यवस्थित काढायचा तर इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड खोलावा लागतो. आणि ऑफर मात्र सगळ्यांना तीच, वीस हजार किमी झालेल्या पोर्ट इंजेक्शनच्या हॅचबॅकलाही. विचारा फक्त, "माझ्या गाडीत पोर्ट इंजेक्शन आहे की डायरेक्ट?" बऱ्याचदा समोरचा "सर मी वर्कशॉपमध्ये विचारून सांगतो" म्हणतो आणि तो आयटम एस्टिमेटमधून आपोआप गायब होतो.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. मालवण, रत्नागिरी, गोवा, अलिबाग, समुद्राच्या खाऱ्या हवेत रात्रंदिवस उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि लातूरची गाडी यांना एकच नियम कसा लावणार. कंपनीकडून खाली सीलर येतो, पत्राही बऱ्यापैकी गंजरोधक असतो, पण खारं वारं शेवटी खारं वारं. फक्त हे काम भर पावसात, गाडी धुवून ओली असताना केलं तर ओल आत कोंडून उलट गंज धरतो, आणि घाईने मारलेल्या कोटिंगमध्ये पाणी निघून जायची भोकं बुजतात. म्हणजे कोकणात गरज असू शकते, पण ती मे महिन्यात, गाडी कोरडी करून, आणि कॉल सेंटर तर नेमकं जूनमध्ये फोन करतं.

आता ब्रेक पॅड. "साठ टक्के संपले" हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की त्याचा हिशोब एकदा मांडतोच. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिमी धरा, बदलायची मर्यादा बहुतेक ठिकाणी २ ते ३ मिमी. साठ टक्के संपले म्हणजे ४ मिमी शिल्लक. हे ६ मिमी झिजायला समजा ४०,००० किमी लागले, तर १०,००० किमीला दीड मिमी झीज झाली, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला अडीच मिमी राहतील. मग बदलायचे ते पुढच्या सर्व्हिसला, आज नाही. पण हाच माणूस आठवड्याला वरंधा नाहीतर आंबोली घाट उतरत असेल, किंवा ते ६ मिमी वीस हजारातच गेले असतील, तर झीज दुप्पट आहे आणि आजच बदलणं शहाणपणाचं. टक्के ऐकून काहीच ठरवता येत नाही, मिलिमीटर आणि आधीच्या सर्व्हिसचा आकडा दोन्ही पाहिजेत. आणि हे मोजायला व्हर्निअर किंवा साधं पॅड गेज लागतं, चाक तसंही रोटेशनसाठी काढलेलंच असतं, दोन मिनिटांचं काम आहे. जो वर्कशॉप ते दोन मिनिटांचं माप लिहून देत नाही तो पॅड बदला म्हणतो कशाच्या जोरावर?

बॅटरीचंही तसंच, टेस्टरची प्रिंट निघते, ती मागायची. टायरची खोबण मोजता येते. अलाइनमेंटच्या मशीनवर आधीचे आणि नंतरचे आकडे येतात, तो कागद मागायचा, आणि आपल्याकडचे खड्डे बघता अलाइनमेंट चेक करणं मला वायफळ खर्च वाटत नाही, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने खात असेल तर नक्कीच नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे की मॅन्युअल म्हणजे काही पोथी नाही. पहिलं म्हणजे त्याच्यातच मागे एक दुसरं टेबल असतं, सिव्हिअर कंडिशनचं, धूळ, छोट्या छोट्या फेऱ्या, सतत थांबत-चालत ट्रॅफिक, ओझं ओढणं, अशा वापरासाठी. हिंजवडीला रोज दीड तास फर्स्ट-सेकंडवर रांगणारी गाडी नॉर्मल नाही, सिव्हिअरच आहे. धुळीच्या रस्त्यावरून रोज शेतावर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. म्हणजे इथे ॲडव्हायझरने "लवकर बदला" म्हटलं तर तो बरोबर असू शकतो, पण मग त्याने ते टेबल उघडून दाखवावं. दुसरं म्हणजे कंपनीलाही स्वतःचा स्वार्थ आहे, मेंटेनन्स कमी हे जाहिरातीत चांगलं दिसतं, म्हणून काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला "बदलायची गरज नाही" असं लिहून मोकळे होतात, आणि वॉरंटी संपल्यावर लाखभर किमीला गिअरबॉक्सने दगा दिला तर तो खर्च गाडीमालकाचा. गिअरबॉक्स दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं करणारे मेस्त्री या ऑइलच्या बाबतीत पुस्तकापेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात मला.

आणि काही कामं अशी की ती टाळणारेच जास्त. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ ग्रेडचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापले की फ्लुइडमध्ये वाफ होऊन पेडल थेट खाली जातं. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, लोक सहा-सहा वर्षं बदलत नाहीत, कारण ते दिसत नाही आणि त्याच्याने गाडी चमकत नाही. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे, किती जण करतात? ज्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे तिथे तो सांगितलेल्या किलोमीटरला बदलायचाच, तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. आणि वर्षाला तीन हजार किमी चालणाऱ्या साताऱ्याच्या रिटायर काकांनी "गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला" म्हणणं पण चूकच, छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ओल आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून तर किलोमीटरसोबत वर्षाची अट असते.

मजा अशी की या दुसऱ्या गटातली कामं ॲडव्हायझर जोर लावून विकत नाही. ब्रेक फ्लुइड बदलायला वेळ लागतो, ब्लीडिंग, म्हणजे पाइपांतली हवा काढणं, करावं लागतं, सुटणारा पैसा कमी. फ्लशची बाटली ओतायला काय लागतंय. म्हणून "डीलर जास्तीचं सांगतो" एवढीच तक्रार माझी नाहीये, तो चुकीच्या गोष्टींचा आग्रह धरतो आणि महत्त्वाच्या गोष्टी हळू आवाजात सांगतो, आणि मग एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी ब्रेक फ्लुइडलाही नाही म्हणतो. विश्वास उडाल्याची किंमत रस्त्यावर चुकती होते.

"मग बाहेरच्या गॅरेजला जा ना, कोणी अडवलंय?" असं म्हणणारे भेटतात. अडवलंय ते वॉरंटीने, किंवा वॉरंटीच्या धाकाने. बाहेर एक स्क्रू जरी फिरवला तरी वॉरंटी गेली, असं काउंटरवर बिनधास्त सांगितलं जातं. २५ ऑगस्ट २०१४ ला कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोठावला होता, टाटा, मारुती, महिंद्रा, टोयोटापासून मर्सिडीजपर्यंत सगळे त्यात. मुद्दा हाच, की ओरिजिनल स्पेअर पार्ट, निदानाची टूल्स आणि रिपेअर मॅन्युअल स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देता गिऱ्हाईक आपल्याच वर्कशॉपला बांधून ठेवायचं. त्या आदेशात कमिशनने हेही सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट लावू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच रद्द करता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने गैरप्रकाराचा निष्कर्ष कायम ठेवून तिथे आलेल्या काही कंपन्यांचा दंड कमी केला, पुढे सुप्रीम कोर्ट, आणि काउंटरवरचं वाक्य आहे तिथेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, गाड्याही त्यात आहेत, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, कंपनीने माहिती टाकली तर टाकली.

बाहेरचा गॅरेजवाला काही संत नसतो हेही खरं. पुण्यात नाना पेठेत ओरिजिनलच्या खोक्यात काय काय मिळतं हे ज्याला माहीत त्याला माहीत, आणि ऑइलची ग्रेड न बघता "सगळ्यांना हेच टाकतो" म्हणणारे मेस्त्री कमी नाहीत. फरक एवढाच की तिथे तुम्ही शेजारी स्टुलावर बसून काम बघता, काढलेला पार्ट हातात मिळतो, आणि पुढच्या वेळी जायचं की नाही हे त्यावर ठरवता. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या पलीकडे कॉफी मशीन आणि टीव्ही असतो, गाडी कुठेतरी आत. वॉरंटी आहे तोवर अधिकृत ठिकाणीच जा असंच मीही सांगेन, रेकॉर्ड राहतं, विकताना भाव येतो, एक्स्टेंडेड वॉरंटीचे क्लेम सरळ होतात. पण तिथे जाणं आणि तिथलं सगळं ऐकणं या दोन गोष्टी एक नाहीत. शेड्यूलमधली कामं केली की वॉरंटीची अट पुरी होते, एसीला स्प्रे नाही मारला म्हणून इंजिनाचा क्लेम नाकारता येत नाही. असं कोणी म्हटलंच तर "हे मला ईमेलवर द्या" म्हणायचं. ईमेल येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे, १९१५ वर फोन करून तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी पण नाही. पण अठराशे रुपयांच्या फोमसाठी कोण तारखांना जाणार, आणि डीलरलाही हे पक्कं माहीत असतं. अशा लहान लहान रकमा, लाखो गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाचं नुकसान भांडण्याएवढं मोठं नाही, अशा ठिकाणी एकेकट्या ग्राहकाला "जागरूक व्हा" म्हणून सोडून देणं म्हणजे काहीच न करणं. वर दिलेली सगळी माहिती मला कळते कारण मला गाड्यांचं वेड आहे. माझ्या मावशीला का म्हणून पोर्ट इंजेक्शन कळायला हवं? तिने गाडी घेतली ती भाजी आणायला आणि नातवाला शाळेत सोडायला.

म्हणून मागणी अगदी साधी आहे आणि ती कंपन्यांकडे नाही, सरकारकडे आहे. एस्टिमेटचा छापील नमुना ठरवून द्या. प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक खूण असलीच पाहिजे, मॅन्युअलच्या शेड्यूलप्रमाणे (पान नंबरसकट), तपासणीत निघालेलं (मोजमाप किंवा फोटोसकट), किंवा ऐच्छिक. ऐच्छिक कामं बिलात वेगळी, खाली, आणि त्यांना गिऱ्हाइकाची वेगळी मंजुरी, फोनवरचं तोंडी "हो" चालणार नाही, मेसेजवर लेखी. बदललेला पार्ट मागायच्या आधीच परत डिकीत ठेवायचा. सिस्टिममध्ये हे करायला काही अवघड नाही, गाडीचा नंबर टाकला की तिचं शेड्यूल त्यांच्या स्क्रीनवर येतंच, फक्त ती स्क्रीन आपल्या बाजूला वळवायची आहे. वजनमापं खातं पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवायला लावतं आणि कोणीही ते मागू शकतं, पंपवाले काही त्यामुळे बुडाले नाहीत.

याच्यावर डीलर लोकांचं उत्तर मला माहितीये, आणि ते अगदीच खोटं नाही. व्हॅस काढून घेतला तर वर्कशॉप चालवणं परवडणार नाही, लिफ्ट, स्कॅनर, जागेचं भाडं, ट्रेन केलेली माणसं, कंपनीने बांधून दिलेल्या लेबरमध्ये हे बसत नाही, मग सर्व्हिसचे दर वाढतील. वाढू देत. लेबर कमी दाखवून फोमच्या बाटलीतून वसूल करण्यापेक्षा लेबरच वाढवा, किती वाढवली ते रिसेप्शनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आणि त्यातला वाटा व्हॅस विकणाऱ्याऐवजी पॅड मोजून मिलिमीटर लिहिणाऱ्या मेकॅनिकला द्या. ज्याला ते महाग वाटेल तो दुसरीकडे जाईल, ज्याला परवडेल तो येईल, आणि दुपारी साडेबाराला येणाऱ्या फोनवर ॲडव्हायझरला एवढंच बोलावं लागेल की सर, फ्रंट पॅड ४ मिमी आहेत, मागच्या वेळी साडेपाच होते, पुढच्या सर्व्हिसला बदलू.